नंदूदादाची पुठ्ठ्याची पट्टी

नंदूदादाच्या शेजारच्या भाभींचा फोन आला तेव्हा मी नोएडाच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. "दीदी, भाईसाहब दरवाज़ा नहीं खोल रहे." मी वैतागूनच म्हटलं, "कॉमिक पढ़ रहे होंगे. ज़ोर से खटखटाइए." नंदूदादा कॉमिक वाचत असला की त्याला कुकरच्या शिट्ट्याही ऐकू यायच्या नाहीत. त्या दिवशी तो वाचत नव्हता... झोपेतच गेला होता. दोन महिने झाले, पण माझा वैताग काही गेलेला नाही.

आई-बाबा गेल्यावर या भावानं मला नाशिकहून दिल्लीला आपल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं, कॉलेजात घातलं, माझं लग्न लावून दिलं. स्वतः केलं नाही. नोकरी सांभाळून दोन कथासंग्रह लिहिले, त्यांचं चांगलं नाव झालं आणि नेमकं तेव्हाच या माणसाला चित्रकथांचं वेड लागलं. पलंगाखाली कॉमिक्स, फ्रिजवर ग्राफिक नॉव्हेल्स. पुण्याचे प्रकाशक कादंबरी मागून मागून थकले. "गद्यात सगळं सांगावं लागतं गं," तो म्हणायचा. "इथं नुसतं ठेवून देता येतं."

बरं, वेड स्वतःपुरतं ठेवेल तर तो नंदूदादा कसला. पाहुण्याच्या हातात पाण्याआधी कॉमिक यायचं, आणि ते नुसतं वाचून भागायचं नाही. जुन्या फाइलीच्या पुठ्ठ्याची एक पट्टी त्यानं कापून ठेवली होती. ती तो चौकटीतल्या संवादांवर धरायचा आणि आधी चित्र बघायला लावायचा. काय दिसलं ते सांगितल्याशिवाय पट्टी हलायची नाही. एकदा माझ्या नवऱ्याचे साहेब जेवायला आले होते, त्यांनाही सोडलं नाही. बिचारे वरण-भात गार होईपर्यंत चित्रातल्या एका भिंतीकडे बघत बसले. माझा मुलगा अर्णव तेवढा खूश असायचा. "मामा, एक और यार," म्हणत मागे लागायचा.

गेल्या भाऊबीजेला मी त्याच्याकडे गेले, तेव्हा त्यानं माझ्यापुढे एक वही ठेवली. स्वतःची चित्रकथा, चित्रंही स्वतःच काढलेली. काडीची माणसं, वाकड्या चौकटी. मी पुऱ्या तळता तळता दहा मिनिटांत वाचून टाकली. एक माणूस ऑफिसला जातो, घरी येतो, "चहा टाकतो" म्हणतो, पुन्हा ऑफिसला जातो. चाळीस पानं हेच.

"दादा, यात काही घडतच नाही रे. त्यापेक्षा कादंबरी लिही ना."

"पट्टी धरली होतीस?"

"आता मलाही पट्टी?"

तो हसला. "अच्छा, राहू दे. सावकाश बघ कधीतरी."

त्यानंतर मी तिकडे फिरकले नाही. मेट्रोनं तासाभराचा रस्ता, पण दर रविवारी काहीतरी निघायचंच.

क्वार्टर रिकामं करताना ती वही सापडली, आत पट्टी. चिडतच पलंगावर बसले आणि संवादांवर पट्टी धरली. सुरुवातीच्या पानांत टेबलावर दोन कप होते, आणि समोर लांब वेणीची एक काडीची मुलगी. कॉलेजात माझी वेणी कमरेपर्यंत होती. बाराव्या पानावर ती बॅग घेऊन दारात उभी. पुढच्या पानापासून टेबलावर कप दोनच, पण एक उपडा. पानामागून पान तसाच. मध्येच एका पानावर तो सुलटा झाला, कारण मुलगी आली होती, कडेवर बाळ घेऊन. मग पुन्हा उपडा... शेवटच्या पानापर्यंत.

शब्दांवर नाव कमावलेला माणूस. "ये गं" एवढं फोनवर म्हणायला काय झालं होतं त्याला? आले असते की मी. खरंच आले असते का, हे मात्र आता कोणाला विचारू.

स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर तो कप होता, उपडाच. मी तो नोएडाला आणला. रोज माझ्या कपाशेजारी सुलटा ठेवते. परवा अर्णवनं विचारलं, "मम्मा, हा एक्स्ट्रा कप कशाला?" मी त्याच्यापुढे वही ठेवली आणि शब्दांवर पट्टी धरून बसले.