गुरुजींच्या गाडीची थरथर

गाडी सत्तरच्या पुढे गेली की हँडल थरथरतं, अशी गुरुजींची तक्रार होती. ते मसोलीला राहत आणि तलासरीच्या एका शाळेवर रोज गाडीने येत. चारोटीपासून पुढे सगळा हायवे, कंटेनर अंगावर येतात, तिथे हँडल थरथरलेलं कोणाला चालेल? शाळेत जाताना त्यांनी गाडी आमच्या गॅरेजवर लावली.

आमच्या म्हणजे काकांच्या. मी परभणीकडचा. नववीत शाळा सोडली आणि ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो. तलासरीला तापाने फणफणलो, तर ड्रायव्हरने मला काकांच्या गॅरेजपुढच्या बाकावर बसवलं आणि ट्रक पुढे नेला. काकींनी चार दिवस पेज पाजली. पाचव्या दिवशी काका म्हणाले, "उठ दीकरा, बाक गिऱ्हाइकासाठी आहे." आणि हातात पाना दिला. त्याला आता अकरा वर्षं झाली. घरी ज्वारी खाणारा मी भात आणि सुक्या बोंबलावर वाढलो. ते उपकार कधी फिटतील असं मला वाटत नाही, आणि फिटावेत असंही वाटत नाही.

थरथर कशी शोधायची ते काकांनीच शिकवलं. हातांना लागली तर पुढचं चाक, सीटला लागली तर मागचं, पायांना मुंग्या आल्या तर इंजिन. तरी शंका राहिली तर चालत्या गाडीत क्लच दाबायचा. थरथर थांबली तर इंजिनची, चालूच राहिली तर चाकाची. "एकेक गोष्ट बाजूला काढत जायची," ते म्हणायचे, "राहील तो दोषी." दोष हाती लागला की म्हणायचे, "सापडलं," आणि चहा सांगायचे. गॅरेजचा एकच नियम होता. काकांनी स्वतः ट्रायल घेतल्याशिवाय गाडी बाहेर जायची नाही. काकांचे हात सांगतील ते शेवटचं.

गुरुजींच्या गाडीचं पुढचं रिंग आऊट होतं, दोन स्पोक ढिले होते. मी दुपारपर्यंत सरळ केलं, पंचाहत्तरपर्यंत पळवून आणली. हँडल एकदम शांत. मग काका ट्रायलला गेले. परत आले ते मान हलवतच. "आहे अजून."

मी पुन्हा पळवली. मला काही लागेना. पण माझ्या मनात आलं ते एवढंच, की माझे हात अजून कच्चे. व्हील बेअरिंग बदलली. काका म्हणाले, "आहे." दुसऱ्या दिवशी हँडलखालच्या बेअरिंगचा कोनसेट खोलला, टायर फिरवून बसवला, इंजिनचे बोल्टसुद्धा आवळले. संध्याकाळी काका पुन्हा तेच म्हणाले.

गुरुजी दोन दिवस शेअर रिक्षांनी हेलपाटे घालत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात उभे राहून म्हणाले, "काय हो, गाडी दुरुस्त करताय की तिचं बारसं घालताय? तीन दिवसांत माझी दुसरीतली पोरं तेराचा पाढा पाठ करतात!"

मास्तरमाणूस रागावला की मी अजून उठून उभा राहतो. मी म्हणालो, "सर, आजच्या आज देतो." काका हसले. "गुरुजी, पाढ्याला काय, तो छापलेला असतो. हे शोधावं लागतं. बसा, चहा घ्या." त्यांच्या हातातली बशी गुरुजींच्या पुढ्यात आली तेव्हा अर्धा चहा सांडलेला होता. मी तो फडक्याने पुसला. एवढं होऊनही माझ्या डोक्यात गाडीच.

मग मी काकांना म्हटलं, "आज मी मागे बसतो. सीटला लागतंय का बघतो."

हायवेवर आच्छाडच्या दिशेने निघालो. पन्नास, साठ, सत्तर. सीट शांत होती, पायाखालचं फूटरेस्ट शांत होतं. मी काकांच्या खांद्यावरून पुढे पाहिलं. उजव्या आरशात मागचा ट्रक एकाचे दोन दिसत होता.

"क्लच दाबा, काका!" मी ओरडलो.

त्यांनी दाबला. ट्रक दोनच राहिला.

"इंजिन नाही! चाकच आहे!" काका वाऱ्यात ओरडले. इतके खूश, जणू गेल्या तीन दिवसांची लाज धुऊन निघाली.

त्यांनी गाडी कडेला घेतली, उभी केली, चावी फिरवली. इंजिन बंद, चाकं जागेवर. माझं लक्ष अजून आरशावर होतं. मागून आता एक टँकर येत होता, आणि तोही एकाचे दोन होऊन येत होता.

मला कळलं, आणि मी घाबरून बोलून गेलो, "आरशाचा नट ढिला असेल, काका."

त्यांनी नटाला बोट लावून पाहिलं. "कालच आवळलाय मी."

मग त्यांनी हँडलवरचा उजवा हात उचलला. आरसा स्थिर झाला. हात ठेवला, आरसा थरथरला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. मला शिकवताना क्लच दाबून सोडून दाखवायचे ना, अगदी तसंच, घाई न करता, तीन वेळा. टँकर आमच्या बाजूने निघून गेला.

"सापडलं," काका म्हणाले.

ते उतरले, मला पुढे सरकायची खूण केली आणि मागे बसले. परतताना त्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले होते. उजव्या खांद्याला बारीक थरथर लागत होती, तलासरीपर्यंत. मी चाळीसच्या वर गेलो नाही.

"काय निघालं मग?" गुरुजींनी विचारलं.

मी खोटं शोधत होतो. काकांनीच सांगितलं, "गाडी परवाच बरी झाली होती, गुरुजी. चूक माझ्या हाताची." गुरुजींना तो विनय वाटला असावा. ते हसून गेले.

दोष सापडल्याचा चहा त्या दिवशी कोणी सांगितला नाही.

पुढे डहाणूच्या डॉक्टरांनी नसांचं दुखणं सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी जेवणापुरता हात थांबतो. काका ट्रायलला जात नाहीत. त्याच बाकावर बसतात, आणि मी परत आलो की विचारतात, "कुठे लागतंय?" मी सांगतो हाताला, नाहीतर सीटला, आणि ते तिथूनच दोष सांगतात. अजून एकदाही चुकलेले नाहीत.

पण गाडी नीट झाली की मला सांगावं लागतं, "कुठेच नाही लागत, काका." ते ऐकून ते आपला उजवा हात डाव्या हाताखाली घेतात. म्हणून ते सांगण्याआधी मी प्रत्येक गाडी दोनदा पळवून आणतो. आई फोनवर विचारते, यंदा तरी येतोस का. मी म्हणतो, ट्रायल घ्यायला दुसरं कोणी नाही इथे.