डाव्या हाताचा ब्रेक

बनारसच्या स्टेशनाबाहेर मी खोका फोडला आणि सायकलचं वाकडं हँडल बाहेर काढलं, तेव्हा पहिला प्रश्न एका रिक्षावाल्यानं विचारला.

"का गुरु, हैंडिल उल्टा लगवा लेहला का?" (काय हो, हँडल उलटं बसवून घेतलंत का?)

मी हसलो. साताऱ्यातही लोक हेच विचारतात. माझं उत्तर पाठ आहे. हँडल उलटं नाही, खाली वळलेलं आहे. वर धरलं की ऑफिसला जाताना ताठ बसता येतं, खाली धरलं की समोरून येणारा वारा कमी लागतो, आणि टोकं जरा बाहेर फाकलेली आहेत म्हणून खडीवरही पकड सुटत नाही. रुंद टायर, मडगार्ड, पुढे छोटं कॅरिअर, सांगाड्याच्या पोटात बसणारी पिशवी. ऑफिस, लांबचा प्रवास आणि कच्चा रस्ता, तिन्हींना एकच सायकल. चार वर्षं एकेक भाग निवडून मी ती उभी केली होती. हे सगळं मी त्या रिक्षावाल्यालाही हिंदीत सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फिर भी उल्टा लगत हौ." (तरी उलटंच वाटतंय.)

तो माणूस मला पुढे बऱ्याचदा आठवला.

मी उतरणार होतो अनंतगुरुजींकडे. अकरा वर्षांपूर्वी वडिलांच्या अस्थी घेऊन आलो होतो तेव्हा सगळे विधी त्यांनी केले होते. तेव्हापासून दिवाळीला फोन होत असे. शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घराच्या ओट्यालगतच त्यांचं गणपतीचं लहानसं देऊळ. पणजोबांपासून चार पिढ्या रोजचा अभिषेक घरच्याच माणसाच्या हातून होतो. गुरुजी माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठे, पण अंगानं काटक. त्यांची काळी, दांड्याच्या ब्रेकची सायकल दारातच टेकलेली होती. तीस वर्षं तीच.

"या, सुधीरराव! ही तुमची गाडी?" त्यांनी माझी सायकल एका हातानं उचलली. "अरे वा, ही तर एकदम हल्की आहे. आमची म्हणजे हत्तीण."

सुमतीवहिनी आतून म्हणाल्या, "आधी चहा घेऊ द्या त्यांना. मग पहलवानी करा."

दाराशी एक करडा सांड येऊन उभा राहिला. वहिनींनी त्याच्या तोंडात कालची पोळी दिली आणि तो वळून गल्लीतून गेला. "रोजचा पाहुणा," गुरुजी म्हणाले. "तुमच्यासारखा आधी फोन करत नाही, एवढंच."

दोन दिवस मी एकटा फिरलो. सारनाथच्या वाटेवर, वरुणेच्या काठाकाठानं, आणि गोदौलियाच्या गर्दीत चालत, सायकल हातात धरून. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावरून जाताना उतरलो आणि मान खाली घालून पुढे गेलो. वडिलांना तिथं नेलं नव्हतं, तरी चितेची लाकडं बघवेनात. संध्याकाळी ओट्यावर बसून साखळी पुसायचो, आणि गुरुजी एकेका भागाचं नाव विचारायचे. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "उद्या रामनगरला जाऊ. पलीकडे लस्सी चांगली मिळते. पण मी तुमच्या गाडीवर, तुम्ही हत्तिणीवर. चालेल?"

चालेल काय, मला अभिमान वाटला.

निघताना मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. गियर कसा बदलायचा, आणि हँडल वरून धरा, खालून नको. तिसरी गोष्ट सांगितली नाही. ती लपवली नव्हती, मला ती आठवलीच नाही. माझ्या हातांना तिची इतकी सवय झाली होती.

ती गोष्ट अशी. आपल्याकडच्या सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि डाव्या हाताला मागचा. मी ते उलट करून घेतलं होतं. परदेशातले लोक तसं लावतात हे बघितलं होतं, आणि गियर उजव्या हाताला असल्यामुळे तो हात मोकळा राहतो असं मी सगळ्यांना पटवून देत असे. खरं कारण इतकंच की माझी सायकल इतरांसारखी नसावी.

रामनगरपर्यंत छान गेलो. पुलावरून गंगा रुंद आणि फिकट दिसत होती. गर्दीत आणि सपाट रस्त्यावर गुरुजी दोन्ही हातांनी ब्रेक धरत, पाय टेकत, सावकाश चालवत होते. पलीकडच्या काठावर ते वाळूत उतरले. टायर रुतेनात, तसे लहान मुलासारखे हसले. "सुधीरराव, ही तर वाळूतही चालते हो! मी अशीच घेईन. वहिनीला सांगू नका." लस्सीवर एवढी जाड साय होती की ती आधी चमच्यानं खावी लागली. त्यांनी मिशीवरची साय पुसली आणि परतीला निघालो.

पूल उतरताना, शहराच्या बाजूच्या उतारावर, पिंपळाखाली हनुमानाची एक घुमटी आहे. गुरुजी माझ्या वीसेक हात पुढे होते. घुमटी आली तसा त्यांनी उजवा हात हँडलवरून काढला, कपाळाला लावला, छातीशी नेला. काशीतला प्रत्येक सायकलवाला असं करतो. आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी डाव्या हातानं ब्रेक आवळला. वेग जरा कमी व्हावा म्हणून. मागचाच ब्रेक समजून.

पुढचं चाक जागच्या जागी थांबलं.

मागचं चाक वर उठलं, आणि गुरुजी हँडलवरून पुढे गेले. नमस्काराला गेलेला हात छातीशीच होता. त्याच हातावर ते पडले. आवाज झाला तो मला आजही लिहिता येत नाही. मी हत्तीण कुठे टाकली आठवत नाही. ते कुशीवर पडले होते, हनुवटीतून रक्त येत होतं, डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसलो आणि रुमाल हनुवटीला दाबून धरला. मला सगळं त्याच क्षणी कळलं होतं. कुठला हात, कुठला ब्रेक, कुणी बसवलेला.

लोक धावले. "का भयल? का भयल?" (काय झालं?)

रस्त्याच्या कडेला एक सांड बसलेला होता. रवंथ करत. कुणीतरी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "सांड़ आ गयल का?" (सांड आडवा आला का?)

मी म्हणालो, "हाँ."

एवढंच. त्या एका अक्षरासाठी मी हे सगळं लिहितो आहे.

दवाखान्यात गुरुजी शुद्धीवर होते, पण पडण्याच्या आधीचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, अंगठ्याचं हाडही. हनुवटीला टाके. कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. वहिनी आल्या तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही होतात म्हणून बरं. त्या मेल्या सांडानं..." मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करडा सांड दाराशी आला. वहिनींनी दार लावून घेतलं. "त्याच्या जातीला आता काही नाही." तो बराच वेळ उभा राहिला. तिसऱ्या दिवशीही आला आणि तसाच गेला. मी आत बसून वहिनींची गरम पोळी खात होतो.

अभिषेकाचं काय करायचं हा प्रश्न अपघाताच्या दिवसापासूनच होता. पहिल्या सकाळी गुरुजी स्वतः बसले. डाव्या हातानं पळी उचलली, अर्ध्यात थांबले, आणि ठेवून दिली. आचमन डाव्या हातानं होत नाही. शेजारी राहणाऱ्या, भाऊबंदांपैकीच एका वृद्ध भटजींनी ते दोन दिवस वेळ निभावून नेली, पण तिसऱ्या सकाळी तेही आजारी पडले. गुरुजींचा पुतण्या प्रयागहून त्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होता.

"आज तुम्ही बसा," गुरुजी मला म्हणाले. "मी मंत्र म्हणतो. हात तेवढे तुमचे. घरचेच आहात तुम्ही."

आंघोळ करून, त्यांचंच सोवळं नेसून मी बसलो. ते भिंतीला टेकून सांगत होते, मी पळीनं पाणी घालत होतो. गणपती हातभरही नाही, शेंदूर लावून गुळगुळीत झालेला. बाहेर सांड हंबरला. वहिनींनी ओट्यावरून त्याला हाकललं. "हट! काय तोंड घेऊन येतोस?"

माझा हात थांबला.

"गुरुजी, सांड नव्हता," मी म्हणालो.

ते मंत्र म्हणायचे थांबले. मी सगळं सांगितलं. ब्रेक उलटे का केले, तुम्हाला सांगायचं राहिलं, तुम्ही नमस्कार केलात, आणि मी "हाँ" म्हणालो. पळीतलं पाणी माझ्या मांडीवर सांडत होतं.

गुरुजींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "अभिषेक अर्धा ठेवत नाहीत. आधी पुरा करा."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज तोच, फक्त माझ्याकडे बघत नव्हते. मी पाणी घालत राहिलो. त्या दहा मिनिटांइतकी शिक्षा मला आयुष्यात कुणी दिलेली नाही.

दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. "तीन दिवस," त्या म्हणाल्या. "तीन दिवस माझ्या हातचं जेवलात. आणि मी त्या मुक्या जनावराला..." आत गेल्या, डब्यातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या पोळ्या घेऊन गल्लीत गेल्या. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

गुरुजी ओट्यावर येऊन बसले. "ती गाडी इथं आणा. ब्रेक सरळ करा. माझ्यासमोर."

"मी घरी जाऊन..."

"घरी जाईपर्यंत कुणी बसलं तर?"

सायकल बरोबर नेऊन, लोहटिया बाजारातल्या एका दुकानातून मी नव्या तारा आणि त्यांचं बाहेरचं आवरण आणलं. दुकानदार म्हणाला, "तार त ठीक रहल, काहे बदलत हउअ?" (तार तर चांगली होती, का बदलताय?) ओट्यावर बसून हँडलभोवतीची पट्टी उलगडली. ती मीच गुंडाळली होती, एकही सुरकुती न पडू देता, आणि तिचे फोटो मित्रांना पाठवले होते. तारा ओढल्या, अदलाबदल केली, कापल्या, आवळल्या. दुपार झाली. गुरुजी एकदाही उठले नाहीत.

झाल्यावर त्यांनी मला सायकलचं मागचं चाक उचलायला आणि पेडल फिरवायला सांगितलं. चाक भिरभिरलं. त्यांनी डाव्या हातानं ब्रेक दाबला. मागचं चाक थांबलं. पुन्हा फिरवायला लावलं, पुन्हा दाबला.

"हं," ते म्हणाले. "आता ठीक."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही. निघताना मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढला. वहिनी बाहेर आल्या नाहीत. पण त्यांनी आतून पाठवलेला डबा रेल्वेत उघडला तर दशम्या होत्या, आणि त्या मला खाता आल्या नाहीत.

प्लास्टर निघाल्यावर मी फोन केला. गुरुजी पूजेला बसू लागले आहेत. "अंगठा पुरता वळत नाही," ते म्हणाले. "आचमनाचं पाणी तळहातात ठरत नाही, गळतं. थोडं जास्त घेतो आता." एवढं बोलून त्यांनी साताऱ्यातल्या थंडीची चौकशी केली.

सायकल मी रोज चालवतो. ब्रेक गुरुजींसमोर लावले तसेच आहेत. माझ्या हातांना मात्र अजून जुनीच सवय आहे. यवतेश्वराचा घाट उतरताना बोटं आधी चुकीकडे जातात, थबकतात, मग वळतात. मित्र म्हणतात, होईल सवय. खाली वळणावर मारुतीचं देऊळ आहे. तिथं मी सायकल थांबवतो, दोन्ही पाय जमिनीवर टेकतो, आणि मगच उजवा हात हँडलवरून काढतो.