नाणं कोणी वाचलं

दहा वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगायला बसलो आहे, आणि मध्ये थांबणार नाही.

मी वणीला मास्तर. जुनी नाणी जमवायचा नाद — पत्र्याच्या डब्यात साठ-सत्तर तरी होती. एकदा सासुरवाडीला, ढाणकीला गेलो असताना तांबटाच्या मोडीच्या ढिगात एक काशाचं नाणं मिळालं. हिरवं पडलेलं, एका बाजूला कोणाचा तरी चेहरा, कडेनं झिजलेली अक्षरं. ते मी पुढे विकलं. माझंच होतं, विकलं — त्यात गुन्हा कसला? मग सांगायचं काय आहे?

आमच्या शाळेत रामटेके नावाचे इतिहासाचे शिक्षक होते. नागपूरला दीक्षा घेऊन आले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. दर रविवारी दुपारी ते माझ्याकडे यायचे. नाण्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल घासायचे, उमटेल ते अक्षर वहीत उतरवायचे. यवतमाळला खेपा घालून कुठूनसं इंग्रजी पुस्तक मिळवलं — मोटारीचं भाडं स्वतःच्या खिशातून. तीन महिने असे गेले. एका रविवारी ओरडलेच, "गुरुजी, हे तं रोमचं आहे! बादशहाचं नाव लागलं!"

मी त्यांना मिठी मारली. ती मिठी खोटी नव्हती. मग पुढचं कसं झालं?

नागपूरचे एक वकील नाण्यांचे शौकीन होते. त्यांना मी पत्र टाकलं. 'रामटेके यांनी वाचलं' असं लिहायला हवं होतं — 'मी वाचलं' असं लिहिलं. म्हणजे सुरुवात तिथेच झाली होती. वकील आले त्या दिवशी मी रामटेक्यांना बोलावलं नव्हतं. ते आपल्या आनंदात आले, वही घेऊन, आणि नेहमीसारखे बाजेवर माझ्याशेजारी बसले. चहा झाला. वकिलांनी विचारलं, "हे कोण?"

काय अवघड होतं? पण नाव घेतलं की आडनाव येणार, आडनावावरून जात कळणार, आणि वकील आमच्याच बाजेवर बसलेले — हे एक. दुसरं असं, की ती वही उघडली असती तर वाचणारा मी उरलो नसतो. खरं कारण हे दुसरंच. पहिल्याच्या आड मी ते कितीतरी वर्षं स्वतःपासूनही लपवलं.

मी म्हणालो, "हा आमच्या शाळेचा चपराशी."

'हा' म्हणालो.

रामटेक्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग उठले, तिघांच्या कपबशा उचलल्या, आत नेऊन ठेवल्या आणि मागच्या दारानं निघून गेले.

मी मागितली ती किंमत वकिलांनी दिली, वर माझ्या अभ्यासाची तारीफ केली. मी ती मान डोलवत ऐकली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी म्हणालो, "रामटेके, काल माझ्या तोंडून —"

"राहू द्या, गुरुजी. सातवीचा तास आज कोण घेऊन राह्यलं, तेवढं सांगा."

त्यानंतर चार वर्षं ते माझ्याशी बोलले, पण शाळेपुरतंच. मग त्यांची केळापूरला बदली झाली. निरोपाच्या दिवशी मी रजा टाकली.

गेल्या आठवड्यात वकिलांनी आपल्या संग्रहाची छापील यादी पाठवली. त्या नाण्याखाली माझं नाव आहे, वाचणारा म्हणून. आज सकाळी त्यांना पत्र लिहिलं — नाणं रामटेके यांनी वाचलं, ते चपराशी नव्हते, शिक्षक होते, मी खोटं बोललो. पत्र रजिस्टर करून पावती घेतली. पोचलंच नसेल, असं उद्या मला स्वतःला सांगता येऊ नये.

रामटेक्यांना मात्र लिहिलेलं नाही. लिहिलं तर त्यांना उत्तर देणं भाग पडेल. आणि ते देतील — त्यांचा स्वभाव मला माहीत आहे.