दोन रेघांच्या मधली जागा

आप्पा गेल्याचा फोन दौंडहून आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. जुना सहकारी एवढंच म्हणाला, “आपले स्टोअरचे आप्पा गेले रे. इनामगावला, झोपेतच.” मी “अरेरे” म्हणालो. आप्पांना एक गोष्ट सांगायची राहिली होती, कित्येक वर्षं राहिली होती, आणि आता ती ऐकायला तेच नव्हते... दहाव्यालाही मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जायचं, हा प्रश्न होता.

कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात आप्पा स्टोअर सांभाळत. घर घोड नदीच्या काठी, इनामगावात. म्हणून आठवडाभर दौंडात खोली करून राहत आणि सुट्टीला गावी जात. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, आप्पांच्या वेळेला शेती आणि नोकरी आली. त्यांच्या रजिस्टरात एक खोड होती. मालाचा कोणताही नंबर लिहिला की त्याच्या आधी एक उभी रेघ आणि नंतर एक उभी रेघ, लाल पेन्सिलीनं. पानावर एकटाच नंबर असला तरीही. मी तेव्हा नवा कॉम्प्युटरवाला, नाकावर माशी बसू न देणारा. मी चिडवायचो, “आप्पा, नंबरांना तुरुंगात का टाकता?” ते नुसते हसायचे.

ड्रमांवरची लेबलं छापायचं काम माझ्याकडं होतं. एक्सएसएलटी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत मी त्याचा साचा लिहिला होता; एका बाजूनं ड्रमची माहिती आत जायची, दुसऱ्या बाजूनं लेबल बाहेर यायचं. धुण्याच्या टाकीशेजारच्या शेडमध्ये ठेवायला चालणाऱ्या मालाला हिरवी पट्टी, बाकीच्याला लाल. चालणारे नंबर होते साठ-सत्तर. आधी मी प्रत्येक नंबर वेगळा विचारत होतो : हा आहे का, किंवा तो आहे का, किंवा तो... साचा मारुतीच्या शेपटासारखा वाढला आणि एकेक लेबल निघायला इतका वेळ लागायचा की ट्रॉलीवाले तंबाखू मळून होईपर्यंत वाट बघत. मग मला युक्ती सुचली. सगळे नंबर एका ओळीत लिहायचे आणि एकच विचारायचं : आलेला नंबर ह्या ओळीत कुठं सापडतो का? लेबलं झरझर निघू लागली आणि मी हवेत.

दुसऱ्याच दिवशी आप्पा प्रिंटरजवळ लेबल हातात धरून थबकले. “सायेब, चौदाला हिरवी पट्टी? ह्यो पाण्याला लागला तर पेट घेतोय.” मी न बघताच म्हणालो, “आप्पा, कॉम्प्युटर चुकत नाही.” ते बाहेर गेले आणि ट्रॉलीपुढं आडवे उभे राहिले. शेडशेजारी चार बाया टाकीवर काम करत होत्या. ट्रॉलीवाला चिडला, सुपरवायझर ओरडला, आप्पा हलले नाहीत. मी तणतणत परत जाऊन ओळ तपासली. ओळीत चौदा नव्हता. दोनशेचौदा होता, आणि त्याच्या पोटातला चौदा माझ्या साच्याला सापडला होता.

आप्पांनी रजिस्टर उघडून पुढ्यात ठेवलं. “दोन कळप शेजारी बसवले तर मधी जाळी लावत्यात सायेब. न्हाईतर ह्याचं कोकरू त्याच्यात जातंय.” मी प्रत्येक दोन नंबरांच्या मध्ये रेघ घातली. त्यांनी बोट ठेवलं, “पयल्याच्या आधी? आन् शेवटच्याच्या मागं?” तिथंही घातल्या. विचारायच्या नंबरालाही दोन्हीकडून रेघा घातल्या. आता रेघ-चौदा-रेघ ओळीत कुठंच सापडेना. लाल पट्टी आली.

आठवड्यानं मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, “ही रेघांची कल्पना कोणाची?” आप्पा रजिस्टर घेऊन दारात उभे होते. मी म्हणालो, “माझी, सर.” टाळ्या झाल्या. आप्पा खाली बघत राहिले. चुकलो म्हणून आप्पांना उद्या सांगू, परवा सांगू म्हणता मला पुण्यात नोकरी लागली आणि आप्पा निवृत्त होऊन गावी गेले. मला लाज वाटायची, म्हणून मी फोनही टाळला. आजही वाटते.

परवा अखेर इनामगावला गेलो. आप्पांच्या पत्नी, काकू, ओसरीवर शेंगा फोडत होत्या. चहा झाल्यावर मी सगळं सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “ह्यात नवं काय सांगताय? दारातच व्हते की ते तवा. घरी येऊन म्हणाले, बरं झालं, सायबानं रेघ आपली म्हणून घेतली, आता इसरायचा न्हाई.” मग म्हणाल्या, “पर तुमच्या फोनची वाट बघायचे. न्हाई म्हणत न्हाई मी.”

फोन आतल्या खोलीत होता. त्याच्या वर, चुन्याच्या भिंतीवर, आप्पांनी नंबर लिहून ठेवले होते. लेकीचा, जावयाचा, डॉक्टरांचा, शिरूरच्या भावाचा. घरच्या माणसांची यादी, मोजून नऊ नंबर, प्रत्येकाला लाल पेन्सिलीच्या दोन रेघा. मी वरून खाली वाचत गेलो. सगळ्यात शेवटी माझा पुण्याचा नंबर होता. त्याच्या आधी रेघ होती, आणि त्याच्या मागंही होती.