साडूंच्या नावाने

या जगात अनोळखी माणूस असतो, ही गोष्ट माझ्या साडूंना आजवर कोणीही पटवून देऊ शकलेलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. कुंभिवलीच्या एका टेंपोवाल्याने टायरची चौकशी करायला एकदा चुकून यांना फोन लावला. दुसरा कोणी 'राँग नंबर' म्हणून मोकळा झाला असता. भाऊंनी टेंपो कुठला, माल काय नेता, घरी कोण कोण असतं इथपर्यंत विचारपूस केली, आणि आता त्या घरची माणसं दरवर्षी भाऊंकडे गणपतीला येतात. बक्षीस लागलंय म्हणून फोन करणाऱ्या भामट्यांनाही ते सोडत नाहीत. "आवाज बसलाय रं तुझा. जेवलास का?" असं एकाला त्यांनी माझ्यासमोर विचारलं, तेव्हा तो बिचारा गडबडून फोन ठेवून पळाला. घरात चोर शिरला तर हे त्याला बॅटरी धरतील, असं माझ्या मेहुणीबाई म्हणतात.

अशा माणसाच्या हाती कळंबच्या एका रिसॉर्टचा कारभार आहे. खोल्या, दर, बुकिंग, सगळं कॉम्प्युटरवरच्या एका पॅनेलवर चालतं, आणि ते पॅनेल भाऊ चालवतात. सकाळी आंघोळ करून, स्क्रीनला उदबत्ती ओवाळून लॉगिन करायचं आणि रात्री घरी निघेपर्यंत लॉगआउट करायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. "दुकान उघडं असताना शटर वडून च्याला जातंय का कोण?" हा त्यांचा सवाल. त्याच ब्राउजरमध्ये शेजारी त्यांचे मेसेजही उघडे असतात. कोणीही काहीही पाठवो, भाऊ उघडून बघणार आणि खाली 'छान' असं लिहिणार. एवढ्या प्रेमाने पाठवलेला फोटो न बघणं म्हणजे वाढलेलं ताट सरकवणं, असं त्यांचं ठाम मत. मी सॉफ्टवेअरच्या चाचण्या करून पोट भरतो, त्यामुळे हे बघून माझा जीव खालीवर व्हायचा. मी कळवळून काही सांगायला लागलो की ते माझ्यासाठी ताक मागवायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांना एक लिंक आली, 'तुमच्याकडच्या मुक्कामाचे फोटो'. भाऊंनी उघडली. आत एक धबधबा होता. भाऊंनी 'छान' लिहिलं. पण त्या पानाने फोटो दाखवता दाखवता गुपचूप पॅनेलला हुकूम पाठवला होता, शनिवारची सगळी बुकिंगं रद्द करा म्हणून. भाऊ लॉगिन होतेच, हुकूम त्यांच्याच ब्राउजरमधून आलेला, तेव्हा तो भाऊंचाच असं समजून पॅनेलने तो मुकाट पाळला. आमच्या धंद्यात या प्रकाराला क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी असं भारदस्त नाव आहे. साध्या भाषेत सांगायचं तर तुमचा हात धरून दुसऱ्याने ठोकलेली सही. रिकाम्या दिसणाऱ्या खोल्या नव्या लोकांनी भराभर घेतल्या, आणि शनिवारी जुनी मंडळी आणि नवी मंडळी बॅगा घेऊन एकाच दारात उभी राहिली.

भाऊंनी अर्धी मंडळी स्वतःच्या घरी नेली आणि उरलेली आळीत वाटून टाकली. मेहुणीबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता नवऱ्याचा उद्धार केला. पाहुणे इतके खूश झाले की एक काकू जाताना परसातल्या शेवग्याच्या शेंगा बांधून घेऊन गेल्या. मालक मात्र ठाण्याहून तणतणत आले. बुकिंग रद्द करणाऱ्याचं नाव म्हणून पॅनेलवर भाऊंचं नाव झळकत होतं, आणि त्यांना तेवढं पुरेसं झालं. "वय झालं तुमचं. यापुढे फक्त बघायचं, हात लावायचा नाही," असं बजावून त्यांनी भाऊंचे सगळे अधिकार काढून घेतले. दुसरा माणूस शोधायला सुरुवातही केली.

मी गेलो तेव्हा भाऊ स्क्रीनपुढे बसले होते. उदबत्ती लावलेली, पण पॅनेलची सगळी बटणं राखाडी पडलेली. "मी नाय केलं रं," ते म्हणाले. "पण नाव माझंच हाय. मीच केलं आन इसरलो का काय, त्येच समजंना." एवढ्या सरळ माणसाने स्वतःवरच संशय घ्यावा, याचा मला लिंक पाठवणाऱ्यापेक्षाही जास्त राग आला. मी ती लिंक शोधून तपासली आणि काय घडलं ते त्यांना सविस्तर सांगितलं. भाऊ शांतपणे ऐकत होते. "म्हंजे ह्ये पॅनेल माझ्यापरीस भोळं हाय की रं!" म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मालकांना नुसतं सांगून उपयोग नव्हता. मी तसंच एक पान तयार केलं आणि त्यांची परवानगी घेऊन, ते स्वतः लॉगिन असताना, त्यांनाच उघडायला लावलं. पानावर एक आंबा होता.

"आंबा. बरं, मग?" मालक म्हणाले.

"आता खोल्यांचे दर बघा."

सगळ्यांत महागड्या खोलीचा दर एक रुपया झाला होता, आणि बदल करणाऱ्याचं नाव होतं खुद्द मालकांचं. मालक चष्मा काढून पुसत बसले. "अहो, पण मी कशाला हातसुद्धा लावला नाही!" त्यांचा चेहरा बघून भाऊंनाच गलबलून आलं. "असू द्या साहेब. पाणी देऊ का?" असं म्हणत ते तांब्या आणायला धावले.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मी कळवलं. त्यांनी दुरुस्ती केली. आता प्रत्येक हुकुमासोबत बाहेरच्या पानाला ठाऊक नसलेली एक गुप्त खूण तपासली जाते, आणि मोठा बदल असला की पॅनेल विचारतंही, 'हा बदल तुम्हीच करत आहात ना?' भाऊंना त्यांचे अधिकार परत मिळाले, नोकरीही राहिली. मला मात्र वाटलं होतं, इतकी वर्षं काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न नक्की लागणार. परवा रिसॉर्टवर गेलो तेव्हा मी विचारलंच, "सारखं सारखं विचारतं, वैताग येत असेल ना?"

"वैताग कसला रं? बरं वाटतंय." त्यांनी 'होय'वर हलकेच बोट टेकवलं. मग म्हणाले, "मालकांनी त्या दिशी एवढंच इचाराया पायजे व्हतं. भाऊ, ह्ये तुमीच केलं का? बास. मी 'नाय' म्हनलो असतो."

तेवढ्यात फाटकातून मालकांची गाडी आत आली, आणि त्यांच्यासाठी चहा सांगायला भाऊ लगबगीने उठले.