गोजराबाईची भिंत

पाम गावाच्या रस्त्याला चिंधू पाटलांनी चाळ बांधली, तेव्हा तिच्या मागे भाताची खाचरं होती आणि पुढून तारापूरच्या बांधकामावर जाणारे ट्रक धूळ उडवत जायचे. अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं होतं. कुठकुठली माणसं येऊन पडली होती आणि डोक्यावर छप्पर मागत होती. पाटलांनी एका ओळीत सात खोल्या उभ्या केल्या, वर कौलं चढवली आणि दुसऱ्याच वर्षी चाळीत वीज आणली. खांब रस्त्यालगत असल्यामुळे तार आली ती पहिल्या खोलीत. मीटर तिथंच बसलं, आणि सगळ्या चाळीचा मेन स्विचही तिथंच.

पहिल्या खोलीत परभणीकडचे नागोराव आणि त्यांची बायको गोजराबाई राहत. नागोराव सळया बांधणाऱ्या टोळीचे मुकादम. त्यांच्या पाळीला ना सकाळ ना संध्याकाळ. काँक्रीट पडायला लागलं की ते संपेपर्यंत माणूस घरी येत नसे. मूलबाळ अजून नव्हतं. पाटलांनी हे सगळं हेरलं होतं.

"नागोराव, भाड्यात दोन रुपये सोडतो," ते म्हणाले. "तुमची मंडली घरीच असतात. दिवेलागनीला बटन लावायचं, जेवनखान झालं का बंद करायचं. लोक दिवसाढवल्या बत्त्या जालायला लागले तर माझं दिवालं निघंल."

नागोरावांनी बायकोला न विचारता मान डोलावली. मेन स्विचवर लाकडी पेटी बसली, पेटीला कुलूप लागलं आणि कुलपाची किल्ली गोजराबाईच्या कमरेला आली.

पहिल्या संध्याकाळी तिनं खटका वर केला तेव्हा सातही खोल्या एकदम उजळल्या आणि पोरं टाळ्या पिटत अंगणात धावली. तिला वाटलं, आपण काहीतरी मोठं केलं. नियमही सरळ होता: खोलीत एकच दिवा, आणि येईल त्या बिलाचे सात सारखे वाटे.

तो आनंद दिवाळीपर्यंत टिकला. वसुबारसेच्या आदल्या दिवशी तिचा धाकटा भाऊ खंडू मुराळी म्हणून दारात उभा राहिला. मनमाडला गाडी बदलून, दोन दिवसांचा प्रवास करून बहिणीला माहेरी न्यायला आलेला. हातात मायनं दिलेली ज्वारीची पिशवी.

"चल अक्का. मायच्या एका डोळ्याला दिसंना झालंय. डॉक्टर काचबिंदू म्हणतो. गेलेली नजर परत येत नसते म्हणे. म्हणते, दुसरा डोळा शाबूत आहे तोवर गोजरीचं तोंड बघू द्या."

गोजराबाईनं लुगड्याची घडी घालायला घेतली आणि तशीच थांबली. कमरेची किल्ली काढून द्यायची कुणाला? नागोराव पाळीवर. पाटील म्हणाले, "ऐन दिवालीत चाल अंधारात? तुमी गेल्यावर बटन कोन लावनार?" नागोराव म्हणाले, "पुढच्या वर्षी जाशील. आभाळ कोसळतंय का?"

खंडू ज्वारी ठेवून एकटाच परत गेला.

त्या वर्षात गोजराबाईला मीटरची भाषा कळायला लागली. चूल त्याच भिंतीला होती. भाकरी थापताना समोर काचेआड चकती फिरायची आणि तिच्या कडेची तांबडी खूण येत-जात राहायची. सात दिवे लागले की चकतीची चाल संथ, जात्यासारखी. पण आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी ती अशी सुटायची की खूण डोळ्यांत मावत नसे. दोन खोल्या पलीकडच्या उषाकडे साताऱ्याहून विजेची इस्त्री आली होती. नवरा वेल्डर, खाणारी तोंडं पाच. दिव्याच्या होल्डरमधून तार ओढून, स्वतः मेणबत्तीच्या उजेडात बसून ती साहेबांच्या कॉलनीतले कपडे इस्त्री करायची. गोजराबाईनं एकदा तिला दारात गाठून म्हटलं, "उषा, चकती फार पळते गं." उषानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू तिकडं बघू नकोस ना." तेवढंच. चाळीत बोलायला म्हणून एवढी एकच बाई होती. गोजराबाईनं त्यानंतर तवा अशा बाजूला ठेवला की पाठ मीटरकडे व्हावी. पण चकतीचा बारीक आवाज पाठीमागूनही यायचा.

दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर बिल आलं ते फुगून. पाटलांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

"कोनीतरी घरात हत्ती पोसलाय," ते म्हणाले. "गोजराबाय, मीटर तुमच्या डोल्यासमोर. सांगा, कोन तो?"

उषा पोराच्या केसांत बोटं घालून खाली बघत होती.

"मला चकती दिसते पाटील," गोजराबाई म्हणाली. "कुणाच्या घरात काय आहे ते भिंतीतून दिसत नाही."

"मंजी ठाऊक हाय, पन सांगायचं नाय," चौथ्या खोलीतला झिपरू म्हणाला. तो डोंगरातल्या पाड्यावरून कामाला आलेला; त्याच्या घरचा दिवा सगळ्यात आधी मालवायचा आणि वाटा मात्र सगळ्यांइतका भरायचा. त्याचं बोलणं तिला लागलं, कारण ते खरं होतं.

तिनं तिथंच विषय काढला. मुराळी येणार आहे, आई आंधळी होत चालली आहे, आठ दिवस किल्ली कुणीतरी सांभाळा. "उषा घेईल," ती म्हणाली.

उषा चटका बसल्यासारखी मागे सरली. "मी? नको बाई. उद्या बिल वाढलं की माझ्या नावानं शिमगा."

"मग झिपरूभाऊ?"

"त्याच्याकडं? तो सातला बंद करील, आम्ही काय काजवे पकडायचे?" कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळे हसले.

याचं नाव त्याला नको, त्याचं नाव याला नको. शेवटी एक म्हातारी प्रेमानं म्हणाली, "पोरी, तुझ्याइतका भरवसा दुसऱ्या कुणाचा गं?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या भांडणाच्या बैठकीत एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

गोजराबाईनं ओट्याचा खांब धरला. "मग ज्याचं त्याचं मीटर लावा पाटील. ज्याची त्यानं जाळावी, ज्याची त्यानं भरावी. माझ्या कमरेची ही किल्ली एकदाची सुटू द्या."

पाटील विचार करतो म्हणाले. झिपरू मोठ्यानं "बरोबर!" म्हणाला. उषा उठली आणि जाताना तिच्या कानाशी म्हणाली, "नाव नाही घेतलंस, पण पोटावर पाय दिलास."

त्या दिवाळीलाही खंडू आला आणि फराळाचं बांधून घेऊन एकटाच गेला. दुसऱ्या डोळ्यानं मायला आता माणूस ओळखू येई, पण नाक-डोळे नाहीत.

मुरबे गावची ठकी कोळीण दुपारची बोंबील घेऊन यायची. परभणीकडच्या बाईला आधी वासही सहन होत नव्हता. मग ठकीशी बोलायला मिळावं म्हणून ती वाटाभर घ्यायला लागली. टोपली उतरवायला तिनं हात दिला, तशी ठकी म्हणाली, "तोंड का गं आंबलंय? माझ्या डोक्यावरचा भार कोनीतरी हात दिला का उतरतो. तुझ्या चालीत येवढी मानसं हायेत, येक बी हात लावत नाय?"

"हात लावला तर किल्ली घ्यावी लागेल ना ठकीबाय."

"मग टाक ती समुद्रात. मी नेते, दे." ठकी हसली. गोजराबाईचा हात खरंच कमरेकडे गेला होता.

उषा तिच्याशी बोलेनाशी झाली. दिवसांमागून दिवस तसेच गेले: तिन्हीसांजेला खटका वर, जेवणं झाली की खाली. बाजारात गेली तरी उन्हं कलली की तिचे पाय आपोआप घराकडे वळायचे. सातपाटीची जत्रा तिनं कधी पाहिली नाही. जत्रेला रंग चढतो तो दिवे लागल्यावर.

तिसऱ्या वर्षी, गणपती गेल्यावर, पाटलांनी खरोखरच सात मीटरं आणली. गोजराबाईनं त्या सकाळी देवापुढे साखर ठेवली. पाटलांचा वायरमन जिवल्या शिडी घेऊन आला आणि सरळ तिच्याच खोलीत शिरला.

"इथं काय? ज्याचं त्याच्या घरी लाव ना," ती म्हणाली.

"तार इथंच येते ना ताई. मोठं मीटर इथं, म्हणून बारकी पण इथंच. घरोघर लावली तर वाचायला मी सात उंबरे झिजवू?"

संध्याकाळपर्यंत तिची भिंत भरली. देवाचं फडताळ काढून कोपऱ्यात गेलं. सात काळी मीटरं, प्रत्येकाखाली एक खटका, आणि प्रत्येकाच्या पोटात आपापली तांबडी खूण. पाटील कौतुकानं बघून गेले. "आता किल्लीची भानगड खलास. ज्यानं त्यानं यावं, आपलं बटन लावावं. तुमी दार तेवढं उघडं ठेवा." आणि उंबऱ्यावरून वळून म्हणाले, "नागोरावांना सांगा, ते दोन रुपये आता भाड्यात धरायचे. काम राहिलं नाय ना."

त्या दिवसापासून दिवेलागणीला बाकीची सहा घरं तिच्या चुलीपुढून जायला लागली. कुणी चपला घालून, कुणी ओल्या पायांनी. उषा यायची, खटका लावायची, न बोलता जायची. तिची चकती सगळ्यात जोरात पळायची आणि आता ते सगळ्यांना दिसायचं. गोजराबाई भाकरी थापत राहायची. आधी सगळ्यांसाठी एक काम तिला करावं लागायचं. आता तिच्या घरात तिच्यासाठी कोपराही उरला नव्हता.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी खंडू आला. भिंत बघून म्हणाला, "हे काय गं अक्का?"

"बस. पाणी घे. माय?"

"उजेड-अंधार कळतो अजून. दारात उभं राहिलं की म्हणते, कोण आहे, पुढं सरक."

नागोराव अंघोळीहून आले. "दाजी, नेतो हिला," खंडू म्हणाला.

"आणि हे?" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "घराला कुलूप घालून गेलीस तर चाळ अंधारात. उघडं टाकून गेलीस तर भांडीकुंडी?"

गोजराबाईनं ट्रंकेत लुगडी घातली, देव फडक्यात बांधून त्यावर ठेवले, वर पितळेचे दोन डबे. "भांडी एवढीच आहेत," ती म्हणाली. "बरोबर नेते. उरलं ते चूल आणि सात मीटरं. त्यांना कोण चोरणार?"

"उघड्या दारानं बाई घर सोडते कधी?"

"घर असतं तर नसतं सोडलं."

नागोरावांनी वाकून ट्रंक उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली.

उन्हं उतरली होती. उषा कपड्यांचं गाठोडं घेऊन ओट्यावरून येत होती. ट्रंकेपाशी थांबली. आत उघडी खोली, देवाचा रिकामा कोपरा, सगळं तिनं बघितलं.

"कुलूप?"

"नाही लावत."

उषानं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. "झिपरूच्या कोंबड्या शिरतील," ती म्हणाली, आणि आत जाऊन दारात आडवा लावायला पाट शोधायला लागली.

बोईसर स्टेशनवर खंडूनं तिला बाकावर बसवलं. तांबूस उजेड कमी कमी होत गेला, फलाटावरचे दिवे लागले. गोजराबाई उठून उभी राहिली.

"गाडीला वेळ आहे अक्का."

"माहीत आहे," ती म्हणाली, पण गाडी येईपर्यंत पुन्हा बसली नाही.