फ्लॉपीला आवजो

त्या सोमवारी ग्रंथालयाचा आभासी संगणक, म्हणजे सर्व्हरच्या आत नुसत्या सॉफ्टवेअरने चालणारा, नव्या सर्व्हरवर गेला. नव्याला न चालणारे त्याचे आभासी भाग, फ्लॉपी वगैरे, आधी काढायचे होते. समा भागातून येणारा आमचा संगणकवाला प्रत्येक भागाला हळूच गुजरातीत ‘आवजो’, म्हणजे ‘पुन्हा या’, म्हणे, पण काढण्यापूर्वी हमखास विचारी.

“साहेब, या फ्लॉपीत काही आहे? जरा बघून घ्या ने.”

“काढा हो. फ्लॉपी आता कोण वापरतं?” मी पुस्तकातून मान वर केली नाही.

जुना सर्व्हर भंगारात गेल्यावर कळले, की माझ्या आधीच्या, दिवंगत ग्रंथपालांची सगळी टिपणे त्या फ्लॉपीतच होती. माझ्या निवृत्तीला तीन महिने उरलेत, हे संगणकवाल्याला ठाऊक होते. ग्रंथालयाच्या समितीपुढे तो म्हणाला, “चूक माझी. मी विचारलंच नाही.”

मी गप्प राहिलो. समितीने त्याला पुन्हा कामाला बोलावले नाही.

पुस्तकांची यादी आजही नव्या सर्व्हरवर चालते. टिपणे नाहीत.